ड्रॉइंगलाही हीट नंबर हवा

हजिऱ्यापासून भोसरीपर्यंतच्या लहान कारखानदारांसाठी: डिझाइनची माहिती घेण्याची, सांभाळण्याची आणि पुढे देण्याची रीत

सुरतेजवळ तापी समुद्राला मिळते तिथे हजिरा आहे. तिथल्या लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात स्टेनलेस स्टीलचं एक प्रचंड भांडं तयार झालं. फ्रान्समध्ये कादाराश इथे सात भागीदार मिळून आयटर हा अणुसंलयनाचा प्रकल्प उभारत आहेत. त्यातल्या यंत्राला बाहेरून वेढणारं हे क्रायोस्टॅट. उंची आणि रुंदी सुमारे २९ मीटर, वजन ३,८५० टन. एवढं भांडं अखंड नेता येत नाही, म्हणून ते ५४ तुकड्यांत घडवलं. ३० जून २०२० रोजी शेवटच्या भागाला हजिऱ्यातून निरोप देण्यात आला. तुकडे जोडायचे होते ते समुद्रापलीकडे. तिथे कडेला कड जुळली नाही, तर तुकडा सुरतेला परत आणणं जवळजवळ अशक्य. रचना ठरवणारे फ्रान्समध्ये, भारताच्या वाट्याचं काम पाहणारी आयटर-इंडिया ही गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेअंतर्गत, घडवणारे हजिऱ्यात आणि जोडणारे पुन्हा फ्रान्समध्ये. या सगळ्यांच्या हातात एकच माप असणं ही या कामाची पहिली अट होती.

हजिऱ्यातच के-९ वज्र ही पट्ट्यांवर धावणारी १५५ मिमीची तोफ बनते. तंत्रज्ञान दक्षिण कोरियाच्या हान्व्हा कंपनीचं. २०१७ च्या करारातल्या १०० तोफांपैकी शंभरावी तोफ १८ फेब्रुवारी २०२१ रोजी तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या हस्ते रवाना झाली. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १०० तोफांचा करार झाला. एका तोफेत १३,००० हून अधिक प्रकारचे सुटे भाग असतात आणि ते पुरवणाऱ्या साखळीत महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक व तमिळनाडूतले सुमारे एक हजार उद्योग आहेत, असं लार्सन अँड टुब्रोने जाहीर केलं आहे. या साखळीत पोलादाआधी फिरते ती माहिती: ड्रॉइंग, थ्रीडी मॉडेल, मटेरियलची स्पेसिफिकेशन, वेल्डिंगची पद्धत, तपासणीचा आराखडा.

हा लेख साखळीच्या मधल्या आणि शेवटच्या कड्यांसाठी आहे. उधना, पांडेसरा, सचिन इथले वर्कशॉपवाले, शिरोलीचे फाउंड्रीवाले, भोसरी, चाकण, अंबड, सातपूरचे व्हेंडर. तुमच्याकडे वरून फाइल येते, तुम्ही ती थोडी बदलून खाली लेझर कटिंगवाल्याला, हीट ट्रीटमेंटवाल्याला, प्लेटिंगवाल्याला देता. चूक बहुतेक वेळा याच हस्तांतरात होते आणि रिजेक्शनचा खर्च मात्र तुमच्या माथी येतो.

प्लेट स्टोअरमध्ये आली की तुम्ही काय करता, ते आठवा. हीट नंबर बघता, टेस्ट सर्टिफिकेटशी ताडता, मग आत घेता. कापताना उरलेल्या तुकड्यावर तो नंबर पुन्हा पंच करता. प्लेट कुठून आली आणि कोणत्या जॉबमध्ये गेली, हे वर्षांनंतरही सांगता येतं. माझं म्हणणं इतकंच, की ड्रॉइंगच्या फाइलीलाही नेमकी हीच वागणूक द्या. आवक, तपासणी, साठा, जावक. पुढचं सगळं या चार पायऱ्यांचंच तपशीलवार वर्णन आहे.

१. फाइल आली की आधी आवक नोंद

फाइल थेट प्रोग्रॅमरच्या संगणकावर जाऊ देऊ नका. कारखान्यात एकच माणूस ठरवा, ज्याच्याकडेच बाहेरून ड्रॉइंग येतील. मोठ्या कंपन्यांत त्याला डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणतात; पंधरा माणसांच्या वर्कशॉपमध्ये क्वालिटी पाहणारा मुलगा किंवा मुलगी हे काम सहज करू शकते. एक साधी वही किंवा एक्सेल पुरे. रकाने असे: तारीख, कुणाकडून, ड्रॉइंग नंबर, शीट किती, रिव्हिजन, फाइलचा प्रकार, कोणत्या पर्चेस ऑर्डरसाठी.

नोंद करतानाच पर्चेस ऑर्डरवरची रिव्हिजन आणि ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमधली रिव्हिजन ताडून पाहा. ऑर्डरवर रेव्ह-२ आणि हातात रेव्ह-३ असेल, तर काम सुरू करू नका, लेखी विचारा. फोनवर मिळालेलं ‘चालेल, करा’ हे उत्तर दोन महिन्यांनी कुणालाच आठवत नाही. फोन झालाच, तर लगेच दोन ओळींचा ई-मेल पाठवा: आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे रेव्ह-३ नुसार काम सुरू करत आहोत.

व्हॉट्सअ‍ॅपवर ड्रॉइंगचा फोटो घेण्याची सवय मोडायला हवी. फोटो दाबला जातो आणि बारीक आकडे पुसट होतात. ३ चा ८ वाटतो, दशांश चिन्ह नाहीसं होतं. शिवाय चॅटमध्ये जुनी आणि नवी प्रत शेजारी शेजारी राहतात. व्हॉट्सअ‍ॅपचा उपयोग ‘मेल पाठवला आहे, बघा’ एवढं सांगण्यापुरता ठेवा.

२. मॉडेल खरं की ड्रॉइंग खरं?

हल्ली एकाच भागासाठी थ्रीडी मॉडेलही येतं आणि पीडीएफ ड्रॉइंगही. दोन्हींत फरक निघाला तर प्रमाण कोण? हा प्रश्न काम घेतानाच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. काही कंपन्या मॉडेलला प्रमाण मानतात आणि ड्रॉइंगवर टॉलरन्स व महत्त्वाची मापंच देतात. काहींत ड्रॉइंगवर जे छापलं तेच अंतिम, मॉडेल फक्त संदर्भासाठी.

मिळालेल्या पाकिटात काय काय असायला हवं, याची यादी मशीनजवळ लावून ठेवा: ड्रॉइंगच्या सर्व शीट, मॉडेल, पार्ट लिस्ट, मटेरियल स्पेसिफिकेशन, ड्रॉइंगमध्ये उल्लेख असलेली सगळी स्टँडर्ड, वेल्डिंग असेल तर मान्य वेल्डिंग पद्धत, पेंट किंवा प्लेटिंगची स्पेसिफिकेशन आणि तपासणीचा क्वालिटी प्लॅन. ड्रॉइंगच्या नोटमध्ये ‘अमुक स्पेसिफिकेशनप्रमाणे’ असं लिहिलं असेल आणि ती स्पेसिफिकेशन हातात नसेल, तर माहिती अपुरी आहे. कोटेशन देण्याआधीच ती मागा. किंमत ठरून गेल्यावर नोटमधली शंभर टक्के रेडिओग्राफी दिसली, तर नफा तिथेच संपतो.

३. फॉरमॅट बदलताना काय हरवतं

मोठी कंपनी एका सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन करते, तुमच्याकडे दुसरं असतं. मधला दुवा म्हणून सर्वांत भरवशाचा फॉरमॅट म्हणजे स्टेप. हा आयएसओ १०३०३ या मानकावर आधारलेला आहे. त्यातला एपी २४२ हा नवा प्रकार आकारासोबत टॉलरन्स आणि टिपाही नेऊ शकतो, मात्र पाठवणाऱ्याने त्या त्यात घातलेल्या असाव्या लागतात. जुने प्रकार बहुतेक वेळा आकारच नेतात. आयजीईएस त्याहून जुना. त्यातून बऱ्याचदा घन आकाराऐवजी सुटे पृष्ठभाग येतात आणि त्यांच्यात फटी राहतात.

स्टेप फाइल उघडली की चार गोष्टी तपासा. पहिली, संपूर्ण लांबी-रुंदी-उंची ड्रॉइंगशी जुळते का. दुसरी, आकारमान किंवा वजन पाठवणाऱ्याने दिलेल्या आकड्याशी जुळतं का. हा आकडा फाइलसोबत मागून घ्या. तिसरी, भाग घन आहे की पोकळ पृष्ठभागांचा. चौथी, आटे. मॉडेलमध्ये आटे बऱ्याचदा फक्त दिसण्यापुरते काढलेले असतात आणि स्टेपमध्ये ते उतरत नाहीत. एम-१० चं टॅप केलेलं भोक मॉडेलमध्ये साडेआठ मिमीचं साधं भोक म्हणून दिसतं. ड्रॉइंग न बघता मॉडेलवरूनच प्रोग्रॅम केला, तर तिथे टॅपिंग होणारच नाही.

लेझर कटिंगसाठी डीएक्सएफ देताना एकक सांगायला विसरू नका. या फाइलीत एकक नोंदलेलं असेलच असं नाही आणि समोरच्याने इंच गृहीत धरलं तर भाग २५.४ पट मोठा दिसतो. तेवढी चूक लगेच लक्षात येते. लक्षात येत नाही ती वेगळीच: कडेची रेघ दोनदा काढलेली असणं, बेंडची रेघ आणि कटची रेघ एकाच लेयरवर असणं, वाकवण्याची सूट आधीच धरली आहे की नाही हे न सांगणं. एका कोपऱ्यात एक माप लिहून ठेवा, म्हणजे समोरच्याला पडताळता येईल.

सॉफ्टवेअरच्या फरकाची किंमत किती मोठी असू शकते, हे एअरबसला ए-३८० विमानाच्या वेळी कळलं. एका विमानात पाचशे किलोमीटरहून जास्त वायरिंग. हाम्बुर्ग आणि टुलूझ इथले अभियंते एकाच कॅटिया सॉफ्टवेअरच्या दोन वेगळ्या पिढ्या वापरत होते. हाम्बुर्गमध्ये तयार झालेल्या वायरिंगचे जुडगे टुलूझला विमानात बसवताना जुळेनात. २००६ मध्ये कंपनीला मोठा विलंब जाहीर करावा लागला, शेअर कोसळला आणि वरिष्ठांना पदं सोडावी लागली. दोन्ही ठिकाणचे अभियंते कुशल होते. दोघांच्या माहितीची हस्तांतराआधी एकत्र पडताळणी मात्र झाली नव्हती.

४. एकक, प्रोजेक्शन, टॉलरन्स: टायटल ब्लॉक आधी वाचा

भारतीय मानक ब्युरोच्या पद्धतीत फर्स्ट अँगल प्रोजेक्शन असतं. अमेरिकी ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये असतात. चिन्ह न बघता वाचलं तर डाव्या हाताचा ब्रॅकेट उजव्या हाताचा बनतो. सगळी मापं बरोबर आणि भाग मात्र भंगारात.

टॉलरन्सचंही असंच. ड्रॉइंगवर अमेरिकी एएसएमई वाय १४.५ लिहिलं आहे की आयएसओ, यावर एकाच आकड्याचा अर्थ बदलतो. समजा, २० मिमी व्यासाची शाफ्ट आहे आणि तिला टॉलरन्स आहे. एएसएमईमध्ये वेगळं काही लिहिलं नसेल तर शाफ्ट मोठ्यात मोठ्या मापाला असताना पूर्ण सरळ असावीच लागते. आयएसओमध्ये व्यास आणि सरळपणा या स्वतंत्र गोष्टी मानल्या जातात. वेगळं चिन्ह नसेल तर मायक्रोमीटरवर पास झालेली शाफ्ट किंचित वाकलेली असली तरी व्यासाच्या बाबतीत ती पास आहे. म्हणून स्टँडर्डचं नाव वाचल्याशिवाय तपासणीची पद्धत ठरवू नका.

ज्या मापांना टॉलरन्स दिलेला नाही त्यांच्यासाठी टायटल ब्लॉकमध्ये सर्वसाधारण टॉलरन्स असतो. आयएसओ २७६८ मध्ये ‘एम’ वर्गात ३० ते १२० मिमी लांबीला ±०.३ मिमी, तर ‘एफ’ वर्गात ±०.१५ मिमी. एका अक्षराने मशीनिंगचा वेळ आणि खर्च बदलतो.

मटेरियलबद्दल तर ठाम राहा. बाजारात अमुक ग्रेड मिळत नाही म्हणून ‘त्याच्यासारखं’ दुसरं वापरणं म्हणजे डिझाइन बदलणं होय. आयएस २०६२ चं पोलाद बांधकामाच्या कामासाठी. प्रेशर व्हेसलसाठी मागितलेल्या ग्रेडच्या जागी ते आपल्या मर्जीने घालता येत नाही. पर्याय हवा असेल तर लेखी मागा, लेखी मंजुरी येईपर्यंत थांबा.

आणखी एक गोष्ट. आपल्या शॉप फ्लोअरवर मराठी, गुजराती, हिंदी, ओडिया बोलणारी माणसं शेजारी शेजारी काम करतात. ड्रॉइंगच्या नोट्स इंग्रजीत असतात. त्यातल्या ज्या चार-पाच नोट्स चुकल्या तर जॉब जाईल, त्या ऑपरेटरच्या भाषेत वेगळ्या कागदावर लिहून मशीनवर लावा. आकडे आणि चिन्हं मात्र मूळ ड्रॉइंगवरूनच वाचायची, उतरवून घ्यायची नाहीत.

५. रिव्हिजन बदलली की

साखळीतली सगळ्यांत महाग चूक म्हणजे जुन्या रिव्हिजनवर चांगलं काम करणं. नवी रिव्हिजन आली की तिच्यासोबत तीन प्रश्नांची उत्तरं मागा: नेमकं काय बदललं, कोणत्या सीरियल नंबरपासून किंवा कोणत्या तारखेपासून लागू, आणि तयार किंवा अर्धवट झालेल्या भागांचं काय करायचं. पुन्हा मशीनिंग, तसेच स्वीकार, की भंगार? भंगार असेल तर खर्च कुणाचा, हेही त्याच पत्रात ठरवा.

मग जुन्या प्रती गोळा करा. मशीनवरची, तपासणीच्या टेबलावरची, फिक्स्चर बनवणाऱ्याकडची आणि जॉबवर्कला बाहेर गेलेलीसुद्धा. त्यांच्यावर ‘रद्द’ असा शिक्का मारा किंवा फाडून टाका. एक प्रत नोंदीसाठी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. संगणकावरचे जुने सीएनसी प्रोग्रॅमही बाजूला काढा. कागद बदलून प्रोग्रॅम तोच राहिला, तर काही बदललंच नाही.

फाइलच्या नावातच ड्रॉइंग नंबर, शीट आणि रिव्हिजन असू द्या. ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘नवीन फायनल’ अशी नावं कायमची बंद करा. दोन फाइली अगदी सारख्याच आहेत का हे तपासायचं असेल, तर हॅश हा सोपा मार्ग आहे. विंडोजमध्ये आधीपासून असलेली सर्टयुटिल ही आज्ञा फाइलसाठी एक लांब कोड काढून देते. फाइलमधला एक बिंदू बदलला तरी कोड वेगळा येतो. पाठवणाऱ्याचा आणि तुमचा कोड जुळला, की फाइल वाटेत बदललेली नाही याची खात्री.

६. पुढे देताना गरजेपुरतंच द्या

प्लेटिंगवाल्याला पूर्ण असेंब्लीचं ड्रॉइंग लागत नाही. त्याला लागतो भागाचा बाह्य आकार, मटेरियल, प्लेटिंगची जाडी आणि कुठे प्लेटिंग नको ते. त्याच्यासाठी वेगळं प्रोसेस ड्रॉइंग करा. त्यावर मूळ ड्रॉइंगचा नंबर आणि रिव्हिजन लिहा, ग्राहकाचं नाव व भागाचा उपयोग काढून टाका. मॉडेल द्यावंच लागलं तर मूळ सॉफ्टवेअरची फाइल न देता स्टेप द्या. त्यात डिझाइनच्या पायऱ्यांचा इतिहास जात नाही.

जॉबवर्कचा माल चलनाशिवाय गेटबाहेर जात नाही. ड्रॉइंगही तसंच पाठवा: सोबत ट्रान्समिटल, त्यावर काय दिलं, कोणती रिव्हिजन, कशासाठी, कधी परत किंवा नष्ट करायचं, आणि घेणाऱ्याची पोच. लिंकने देत असाल तर मुदत घाला, ज्याला दिलं त्याचं नाव प्रतीवर छापा आणि काम संपलं की लिंक बंद करा. एकच पासवर्ड सगळ्या वर्कशॉपमध्ये फिरत असेल, तर फाइल कुणी उतरवून घेतली हे कधीच कळणार नाही.

७. उलट दिशेची माहिती

पुरवठादार बहुतेक वेळा एवढंच समजतो, की माहिती वरून खाली येते. क्रायोस्टॅटसारख्या कामात मात्र खालून वर जाणारी माहितीही तितकीच महत्त्वाची ठरते. जोडणाऱ्याला ड्रॉइंगवरचं आदर्श माप पुरत नाही. प्रत्यक्ष तयार झालेल्या तुकड्याचं मोजलेलं मापही हवं असतं.

यासाठी ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला आणि नोटला गोलात क्रमांक द्या. याला बलूनिंग म्हणतात. पहिला भाग तयार झाला की त्याच क्रमांकांनुसार प्रत्येक मोजमाप, वापरलेलं उपकरण आणि त्याच्या कॅलिब्रेशनची मुदत लिहून पाठवा. पहिला भाग मान्य झाल्याशिवाय पुढची खेप लावू नका. एखादं माप बाहेर गेलंच, तर ते लपवण्यापेक्षा ताबडतोब डेव्हिएशनची मागणी पाठवा: किती बाहेर, किती नगांत, कारण काय, सुचवलेला उपाय कोणता. अनेकदा डिझायनरला ते माप तेवढं महत्त्वाचं नसतं आणि तो मंजुरी देतो. पण तो निर्णय त्याचाच असायला हवा.

८. करार आणि कायदा

व्यापारी गुपितांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे गोपनीयतेचा करार हाच मुख्य आधार. सही करण्याआधी पाहा: गोपनीय म्हणजे नेमकं काय, किती वर्षं, उप-व्हेंडरला देता येतं का, काम संपल्यावर प्रतींचं काय करायचं. तुम्ही स्वतः बनवलेल्या फिक्स्चरचं आणि प्रोग्रॅमचं डिझाइन कुणाचं, हेही त्यात लिहून घ्या. ती तुमची मेहनत आहे.

ड्रॉइंगवर कॉपीराइट कितपत टिकतो, हा प्रश्न गुजरातमधूनच सर्वोच्च न्यायालयात गेला. एलएनजी वाहून नेणाऱ्या सेमी-ट्रेलरच्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगबद्दल आयनॉक्स इंडिया आणि क्रायोगॅस इक्विपमेंट यांच्यातला दावा वडोदऱ्यात सुरू झाला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने कॉपीराइट आणि औद्योगिक डिझाइन यांतला फरक ठरवण्याची कसोटी मांडली: काम मुळात कलाकृती आहे की उद्योगात वापरलेलं डिझाइन, आणि त्याचा प्रमुख हेतू उपयोगाचा आहे की दिसण्याचा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ नुसार नोंदणीयोग्य असूनही न नोंदवलेल्या डिझाइनवरून पन्नासहून जास्त वस्तू बनल्या, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. म्हणून तुमच्या उत्पादनाचं रूप वेगळं असेल, तर ते बाजारात आणण्याआधीच डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणीचा विचार करा आणि जाणकार वकिलाला विचारा.

संरक्षणाचं काम घेत असाल तर आणखी सावध. लष्करी आणि दुहेरी वापराच्या वस्तूंची स्कोमेट यादी तंत्रज्ञानालाही लागू होते. ई-मेलने परदेशी पाठवलेलं ड्रॉइंगही निर्यातच ठरू शकतं. अशा फाइली कुठे ठेवायच्या, कुणी उघडायच्या, हे ग्राहकाकडून लेखी घ्या.

९. ऑर्डर देणाऱ्यांसाठी

दोन शब्द मोठ्या कंपन्यांच्या पर्चेस आणि डिझाइन विभागाला. मॉडेल असताना व्हेंडरला स्कॅन केलेली पुसट पीडीएफ देऊ नका. तो पुन्हा ड्रॉइंग काढेल आणि तिथेच चूक शिरेल. तांत्रिक शंकेसाठी एका इंजिनिअरचं नाव द्या आणि उत्तराची मुदत ठरवा. बदलाचं पत्र सगळ्या व्हेंडरांना एकाच दिवशी जाऊ द्या. प्रश्न विचारणारा व्हेंडर त्रासदायक वाटतो, पण न विचारता अंदाजाने काम करणारा त्याहून कितीतरी महाग पडतो.

सुरुवात कुठून करावी

महागडं सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही. स्टेप फाइल उघडून मापं बघायला फ्रीकॅड हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. पहिल्या आठवड्यात आवक वही सुरू करा आणि माणूस नेमा. दुसऱ्या आठवड्यात शॉप फ्लोअरवरच्या सगळ्या प्रती गोळा करून सध्याच्या रिव्हिजनशी ताडा. मग ट्रान्समिटलचा नमुना करा आणि बाहेर गेलेल्या फाइलींची यादी बनवा. त्यानंतर बलूनिंग आणि पहिल्या भागाचा अहवाल. रोज सगळ्या फाइलींची राखीव प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा. ती डिस्क संगणकाला कायम जोडलेली नसावी.

मग स्वतःची परीक्षा घ्या. मागच्या वर्षी पाठवलेला कोणताही एक जॉब निवडा आणि विचारा: हा कोणत्या रिव्हिजनवर केला, ती फाइल कुणी पाठवली, खाली कुणाकुणाकडे गेली, मोजमापाचा कागद कुठे आहे? दहा मिनिटांत उत्तरं मिळाली, तर तुमची पद्धत चालते आहे. ग्राहकाचा ऑडिटर येईल तेव्हा हेच प्रश्न विचारील आणि पुढची, अधिक अवघड ऑर्डर कुणाला द्यायची हे या उत्तरांवर ठरवील. चांगली मशीन आज अनेकांकडे आहेत. कोणत्या कागदावरून काम केलं हे पुराव्यासह सांगणारे कमी आहेत. त्या थोड्यांत जायला फारसा पैसा लागत नाही, रोजची शिस्त लागते.